केलगेरीच्या काठावर दोन राण्या

२ मार्च २०२५, रविवार

रविवारी दुपारी अप्पा झोपले की अक्का आणि मी जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून पेरू खायचो. सुरी आणायला गेलं तर आई जागी होईल म्हणून अक्का तो दातानेच फोडायची. कडेचा गर मला आणि बियांचा गाभा तिला, कारण बिया माझ्या दातांत अडकायच्या. मीठ तिच्या तळहातावर असायचं, मी तिथूनच बोट लावून घ्यायचे. बोलणं काही नसायचं. खाऊन झालं की ती तळहात परकराला पुसायची आणि आम्ही उठायचो.

आज नेत्रा चार पेरू घेऊन आली म्हणून हे आठवलं. नेत्रा अक्काची नात, म्हणजे तिच्या मुलाची, प्रभंजनची मुलगी. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती सगळी हुबळीला विद्यानगरात राहतात, मी इथे धारवाडला सप्तापुरात. बसने फार तर तासाभराचं अंतर. पण माझं आणि इंदूअक्काचं आठ वर्षं बोलणं नाही, त्यामुळे तिच्या घरचं कुणी दारात दिसलं की आधी वाईट बातमीच असेल असं वाटतं. सगळं बरं आहे ना, असं विचारलं. ती म्हणाली, "आहे की. मी माझ्या कामाला आलेय, अज्जी."

काम असं, की तिला माझे फोटो काढायचे आहेत. ती आणि तिचे मित्र कॉसप्ले करतात. गोष्टीतल्या पात्राचा वेश स्वतः बनवायचा, स्वतः घालायचा, आणि त्या पात्रासारखं उभं राहायचं. आमच्या शाळेत ह्याला फॅन्सी ड्रेस म्हणत, पण तसं म्हटल्यावर तिचा चेहरा पडला. मे महिन्यात बेंगळूरला ह्या लोकांचा मेळावा आहे, तिथे फोटोंची मालिका पाठवायची आहे. गोष्ट नेत्राने स्वतः रचलीय. दोन बहिणी, दोघी राण्या. एक पाणी राखते, दुसरी बियाणं राखते. तरुणपणी भांडतात आणि मधल्या तळ्याच्या दोन काठांवर राहतात. म्हातारपणी तळं आटतं, तेव्हा कोरड्या तळ्यातून चालत येऊन भेटतात. पाच फोटो. शेवटच्या फोटोत एक हात पुढे करते आणि दुसरी तो धरते.

सुरकुत्या रंगवता येतात, पण खोट्या दिसतात म्हणे. तिला खऱ्या हव्यात. मी पाण्याची राणी. बियाण्यांची राणी कोण, असं विचारलं तर म्हणाली, एका मैत्रिणीची अज्जी आहे.

मी हो म्हणाले. का म्हणाले कोण जाणे. सहासष्ट वर्षांच्या बाईला कुणी सहसा राणी हो म्हणत नाही.

६ मार्च, गुरुवार

नेत्राबरोबर सुभाष रोडला गेले. चंदेरी लेस, निळे मणी, राखाडी साटीन, सोनेरी रंगाचे डबे. मुकुट आणि खांद्यावरची पानं ती फोमच्या जाड शीटमधून कापणार, गरम हवेने वाकवणार आणि वरून रंगवणार. लेसवाल्याने कन्नडमध्ये विचारलं, लग्न कुणाचं? नेत्राने माझ्याकडे बोट दाखवलं. तो इतका गंभीर चेहरा करून अभिनंदन म्हणाला की मला रस्त्यात थांबून हसावं लागलं.

ब्लाऊजचं कापड घेताना नेत्रा त्या दुसऱ्या अज्जींचा विचार करत होती. त्यांचा पुढून उघडणारा हवा, कारण उजवा हात वर जात नाही. आणि दोऱ्या नकोत, चिकटपट्टी बरी, कारण त्या बांधलेलं सोडून टाकतात आणि कशाला बांधलंय विचारतात. म्हातारी तऱ्हेवाईक दिसते. नेत्राची तिच्यावर माया मात्र चांगली आहे.

येताना बसमध्ये म्हणाली, "अज्जी, पाण्याची राणी बहिणीला इतक्या वर्षांनी बघून पहिलं वाक्य काय बोलेल?" मी म्हटलं, गोष्ट तुझी आहे, तूच ठरव. ती म्हणाली, मला ठरवता येईना.

१२ मार्च, बुधवार

नेत्राला मेपर्यंत वेळ आहे, तरी सारखी घाई करते. पाडव्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोटो काढायचेच, उन्हाळा वाढला की त्या अज्जींना त्रास होतो, त्यांचे दिवस कमीजास्त असतात. मी म्हटलं, मग दुसरी अज्जी बघ. तिने मान हलवली आणि पुन्हा कात्री घेतली.

तिच्या गोष्टीत बहिणी कशावरून भांडल्या, हे तिने लिहिलेलं नाही. मी विचारलं तर मलाच विचारलं, तुम्ही आणि अज्जी कशावरून भांडलात? मी सांगितलं, भांडलो नाही. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला अक्का आली होती, तिच्याकडे नीट लक्ष देता आलं नाही, ती न जेवता निघून गेली. गैरसमज झाला. नेत्रा ऐकत होती, पण बघत होती हातातल्या कात्रीकडे.

त्या दिवशी तीही अक्काबरोबर होती, तेरा वर्षांची. तिला काय आठवणार.

१६ मार्च, रविवार

वेश घालून बघितला. मुकुट हलका आहे, पण खांद्यावरची पानं मानेला घासतात. हातात वेताची उंच काठी, तिला निळे मणी. आरशात पाहिलं तर बाई बरी दिसत होती, हे कुणाला सांगायचं नाही म्हणून इथे लिहिते.

वेणूबाई भाकरीचं पीठ मळता मळता दारात आल्या. अळणावरकडच्या आहेत, वीस वर्षं माझ्याकडे स्वयंपाक करतात. मला खालीवर बघून म्हणाल्या, "बाई, नाटकात उभ्या राहायलात की इलेक्शनला?" नेत्राने त्यांना सगळी गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "दोघी बहिणी एवढं डोस्कं खाऊन मग भेटायच्या, तर आधीच भेटायचं की." पुन्हा पिठाकडे गेल्या. जाता जाता विचारलं, "मोठ्या बाई कशा आहेत आता?" मी म्हटलं, ठीक असतील.

मला खरंच ठाऊक नाही. प्रभंजन दिवाळीला एक मेसेज पाठवतो, दिव्याचं चित्र असलेला. मी उलट दिव्याचं चित्र पाठवते.

२३ मार्च, रविवार

डायरीत तरी खरं लिहावं.

समारंभ शाळेच्या हॉलमध्ये होता. ज्या कॉन्व्हेंटात मी शिकले तिथेच चौतीस वर्षं शिकवलं, म्हणून सगळ्यांना माझं अप्रूप. बेळगावहून मोठ्या सिस्टर आल्या होत्या. मी त्यांच्याजवळ उभी असताना अक्का नेत्राचा हात धरून थेट पुढे आली. बसच्या गर्दीतून आलेली, कपाळावरचं कुंकू पसरलेलं, इरकल साडी गुडघ्यापाशी चुरगळलेली, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेला पेढ्यांचा पुडा. मोठ्याने म्हणाली, "लिलू, तोंड उघड." आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडात पेढा भरवला.

सिस्टरनी हसून विचारलं, ह्या कोण? मी इंग्रजीत म्हणाले, ह्या आमच्या घरच्या ओळखीतल्या एक बाई.

वाक्य इतकं सहज आलं की बोलून झाल्यावर मलाच ऐकू आलं. दुरुस्त करता आलं असतं. सिस्टर दोन पावलं पुढे गेल्या, मी त्यांच्या मागे गेले. जेवणाच्या वेळी पाहिलं तर अक्का नव्हती.

अप्पांची धारवाडला बदली झाली तेव्हा अक्का तेरा वर्षांची होती. आता हिचं माध्यम कुठे बदलायचं, म्हणून ती मुलींच्या साध्या शाळेत गेली आणि सहा वर्षांची मी कॉन्व्हेंटात. माझा गणवेश रोज ती इस्त्री करायची. तिला इंग्रजी कधी आलं नाही. म्हणजे मी काय म्हणाले ते तिला कळलं नसणार. मग ती रागावली कशाने? आठ वर्षं मी स्वतःला हाच प्रश्न विचारते, आणि तिला कळलं नाही ह्यावर विसंबून राहते.

दोनदा फोन केला होता. घेतला नाही. तिसऱ्यांदा मी केला नाही.

३० मार्च, रविवार. पाडवा.

नेत्राने बियाण्यांच्या राणीच्या मुकुटाचा फोटो पाठवला. ज्वारीची कणसं खरी लावलीत. सुंदर झालाय. तिला विचारलं, त्या अज्जींना आवडला का? तिने लिहिलं, खूप, रोज नव्याने आवडतो.

मैत्रिणीचं नाव काय, असं लिहिलं आणि पाठवण्याआधी पुसून टाकलं.

६ एप्रिल, रविवार

आजचं आजच लिहून काढते.

सकाळी सहाला केलगेरीच्या तळ्यावर पोचलो. पाणी बरंच आत गेलंय, काठाची माती भेगाळलीय. फोटो काढणारा आकाश नेत्राच्या वर्गातला, शांत मुलगा. मी वेश चढवून उभी राहिले. समोरून नेत्रा एका बाईला हाताला धरून आणत होती. मुकुट होता, चेहऱ्यावर सोनेरी रेघा होत्या, पण डावा पाय जरा बाहेर टाकून चालायची अक्काची तऱ्हा मी कुठेही ओळखेन.

"रागावू नका," नेत्रा म्हणाली. "सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

खरं सांगायचं तर रागावले नाही. पहिलं वाक्य शोधत होते. तेवढ्यात आकाशने कॅमेरा लावत सहज विचारलं, तुम्ही दोघी सख्ख्या बहिणी ना? अक्का हसली आणि म्हणाली, "छे हो. मी ह्यांच्या ओळखीतली एक बाई."

तेच शब्द. मराठीत, पण तेच. म्हणजे तिला त्या दिवशी कळलं होतं. आठ वर्षं जपून ठेवून आज परक्या मुलासमोर माझ्या पदरात टाकले. नेत्राचा चेहरा पांढरा पडला. मी मुकुट सरळ केला. मला तेवढंच येतं.

चार फोटो झाले. मध्ये ऊन वर यायची वाट बघत दोन खुर्च्यांवर बसवलं. अक्काने अगदी पाहुण्यासारखं विचारलं, तुमचं घर कुठे म्हणायचं? मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक आहे." जन्मात पहिल्यांदा तिला तुम्ही म्हटलं. तिला त्याचं काही वाटलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "माझी धाकटी बहीण कॉन्व्हेंटात शिकते. इतकुशी आहे, पण फाडफाड इंग्रजी बोलते. फार हुशार." आणि माझ्याकडे बघून हसली. टोमणे मारणं हा अक्काचा स्वभाव नव्हता. आठ वर्षांत माणूस किती बदलतं.

पाचवा फोटो. आकाशने सांगितलं, बियाण्यांची राणी हात पुढे करेल, पाण्याची राणी काठी टाकून तो धरेल. अक्काने हात पुढे केला. मी काठी धरून उभी राहिले. आकाश म्हणाला, अज्जी, आता. नेत्रा म्हणाली, अज्जी. मी काठी आणखी घट्ट धरली. अक्काचा हात तसाच हवेत होता, आणि ती माझ्याकडे बघत होती, ह्या बाईंना काय झालं असं. मग तो थकून खाली आला.

सगळ्यांसाठी उप्पीट आणलं होतं. मी रिक्षा बोलावली आणि निघून आले.

८ एप्रिल, मंगळवार

नेत्राचे सात फोन. घेतले नाहीत. वेणूबाईंनी विचारलं, फोटो झाले का? म्हटलं, झाले. त्यांनी आमटी खारट केली.

मुकुट कपाटावर ठेवलाय. चंदेरी रंग अजून केसांत आहे.

१३ एप्रिल, रविवार

नेत्रा आली. मी दार उघडलं नसतं, वेणूबाईंनी उघडलं.

दोन वर्षं झाली, अक्का विसरते. आधी किल्ल्या, मग गॅस, मग प्रभंजनच्या बायकोचं नाव. आता बहुतेक दिवस तिला वाटतं ती विशीतली आहे. नेत्राला ती कधी नेत्रा म्हणते, कधी बाळ. मला का सांगितलं नाही, असं विचारलं. प्रभंजनचं म्हणणं, मावशीने कधी विचारलं नाही. खोटं नाही ते.

"अज्जी टोमणा मारत नव्हत्या," नेत्रा म्हणाली. "त्यांना तुम्ही कोण ते कळलंच नाही. आदल्या दिवशी सगळं समजावलं होतं, तुमचं नाव पाठ करून घेतलं होतं. त्या म्हणाल्या, लीला ना, मी त्यांच्या ओळखीतली. इतकंच राहिलंय डोक्यात. मला वाटलं, तुम्हाला समोर बघून बाकीचं येईल."

मग तिने तिचं सांगितलं. त्या दिवशी शाळेतून परतताना रिक्षात अक्काने तिला विचारलं होतं, तुझी लीलाअज्जी सिस्टरना काय म्हणाली ग? ती तेरा वर्षांची, इंग्रजी शाळेतली. आपल्याला अर्थ येतो ह्याचा आनंद. तिने पटकन मराठीत करून सांगितला. अक्का म्हणाली, हं. पेढ्यांचा पुडा रिक्षावाल्याला दिला. नंतर घरात त्यावर एक शब्द काढला नाही. "मी नुसतं भाषांतर केलं, अज्जी," ती म्हणाली, आणि आठ वर्षं अडवून धरलेलं रडू फुटावं तशी रडली.

मेळावा खरा आहे, स्पर्धा खरी आहे. पण गोष्ट तिने आम्हा दोघींसाठी रचली होती.

मी तिला जवळ घेतलं. तिची चूक नाही हे सांगायला मला किती कमी वेळ लागला. हे वाक्य दुसऱ्या कुणाला तरी म्हणायचं होतं, आणि ते ऐकणारं माणूस आता नाही.

१७ एप्रिल, गुरुवार

विद्यानगरला गेले. अक्का खिडकीपाशी बसून मेथी निवडत होती, पानं एका बाजूला, काड्या दुसऱ्या, आणि ताट भरत आलं की पुन्हा एकत्र करत होती. मला बसायला सांगितलं. चहा घेणार का विचारलं, तीनदा.

मी म्हटलं, अक्का, मी लिलू. ती प्रेमाने हसली. म्हणाली, लिलू शाळेत गेलीय. मी पुन्हा सांगितलं, अक्का, मी आता सहासष्ट वर्षांची आहे, शाळा कधीच सुटली. तशी ती घाबरली. हातातली जुडी खाली ठेवून दाराकडे बघायला लागली, लिलूला काय झालं, तिला आणायला कोण गेलंय? नेत्राने येऊन सांभाळून घेतलं.

ती शांत झाल्यावर मी विषय बदलला. म्हटलं, मी माझ्या बहिणीला चारचौघांत ओळख दाखवली नाही. मला तिची लाज वाटली. आता माफी मागायला गेले तर उशीर झाला.

अक्काने लक्ष देऊन ऐकलं. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "मोठी का धाकटी?"

"मोठी."

"मग काही नाही होत. मोठ्या बहिणी रागावतात होय कुठं. मनाला लागतं, तेवढंच. जावा भेटायला, काहीतरी खायला घेऊन."

मी होय म्हटलं. बस चुकली, पुढच्या बसने आले.

२५ मे, रविवार

बेंगळूरच्या मेळाव्यात नेत्राचे फोटो लागले आहेत. पाचवाच सगळ्यांना आवडला. पुढे केलेला हात आणि तो न धरणारी म्हातारी. नेत्राला तो पाठवायचा नव्हता, मी म्हटलं पाठव. कुणीतरी लिहिलंय, पाण्याच्या राणीच्या डोळ्यांतला अभिनय कमालीचा आहे.

नेत्रा म्हणाली, पाचवा परत काढू या का, हात धरलेला? अक्का हात देईलच, ती आता कुणालाही हात देते. मी नको म्हटलं. अक्काला पुन्हा मुकुट घालून उन्हात उभं करायचं ते फक्त माझ्यासाठी.

१२ जून, गुरुवार

आजही अक्काकडे जाऊन आले. आठवडाभर ती जेवताना गप्प असते, गुरुवारी दुपारी मात्र बोलते. येताना बसमध्ये माझा स्टॉप यायच्या आधीच मी उतरले, आणि अप्पांच्या जुन्या घराच्या बोळाकडे वळले. चूक लक्षात आल्यावर परत आले. ह्या वयात होतं असं. तरी आठवतंय तोवर लिहून ठेवते.

पुढची खोली नेत्राने घ्यावी. तिथे उजेड चांगला आहे आणि फोमचा कचरा झाला तरी कुणी बोलणार नाही. बाकी घर प्रभंजनने पाहावं. वरच्या भाडेकरू मुलींना परीक्षा होईपर्यंत उठवू नये.

शिवणयंत्र आणि तांब्याची भांडी वेणूबाईंना. भांडी घेणार नाहीत, त्यांच्या सुनेला द्यावीत. शब्दकोश आणि नकाशांची पुस्तकं वरच्या मुलींना, जी मागेल तिला.

पहिले चार फोटो नेत्राचे. पाचवा प्रभंजनला द्यावा आणि मागे दोघींची पूर्ण नावं, आईवडिलांच्या नावासकट, शाईने लिहावीत. अक्काच्या खोलीत ह्यातला एकही लावू नये. मुकुट घातलेल्या म्हाताऱ्या पाहून ती घाबरते.

गुरुवारची दुपार नेत्राला. चार वाजता जावं, भाजी निवडायला घेऊन बसावं. धाकटी बहीण कशी आहे, एवढं विचारलं की अक्का सांगायला लागते. आज तिची सहामाही आहे, उद्या तिची दोन बटणं लावायची आहेत, ती मोठी होऊन मडम होणार आहे. सगळं ऐकून घ्यावं. मध्ये काही दुरुस्त करू नये.